अंगठा देण्याआधी शिव फिरून या

(ज्याला वाचता येतं त्याने हा अंक पाड्यात सगळ्यांना बसवून वाचून दाखवावा. बाया आल्याशिवाय वाचायला सुरुवात करू नये.)



होळी झाली, मोहाची फुलं वेचून झाली, आता राब भाजायचे दिवस आले. या दिवसांत गार्ड पाड्यावर येतो तो राबाला कवळ कोणी तोडली ते बघायला. यंदा मात्र तो वेगळंच काम घेऊन फिरतो आहे. हातात छापील फॉर्म, सोबत राऊंडचा वनपाल आणि तोंडात गोड भाषा. “जंगल तुमचंच आहे, आपण मिळून राखू. समिती करा, सह्या द्या. पण पावसाळ्याआधी करा, नाहीतर रोपं दुसऱ्या गावाला जातील.” दोन-तीन पाड्यांत तर साहेबांनी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना चहा पाजला. इतकी वर्षं आपला कोंबडा खाऊन गेलेली माणसं चहा पाजायला लागली, म्हणजे काहीतरी बदललं आहे खरं. काय बदललं ते नीट समजून घ्यायला पाहिजे.

बऱ्याच पाड्यांवरून निरोप आला की संघटनेचं म्हणणं काय, सही करायची का नाय? एका शब्दात उत्तर देता येत नाही. जंगल राखायला आपली ना नाही, कधीच नव्हती. पण हा फॉर्म, या घाईत, आपले प्लॉट कागदावर चढण्याआधी – याला आपली ना आहे. का, ते पुढे सांगतो.

आधी हे आलं कुठून ते पाहू. बंगालमध्ये मिदनापूर जिल्ह्यात आराबारी म्हणून जंगल आहे. आपल्याकडे साग तसा तिकडे साल. १९७२ साली ते जंगल तोडून तोडून नुसते खुंट राहिले होते. गार्ड वाढवले, केसेस केल्या, तरी तोड थांबेना. तेव्हा तिथल्या एका फॉरेस्ट अधिकाऱ्याने ११ गावांतल्या ६१८ घरांबरोबर करार केला. तुम्ही १,२७२ हेक्टर राखा. गवत, पानं, सुकं लाकूड तुमचं, कामाला आधी तुम्हालाच लावू, आणि झाडं विकायला आली की चौथा हिस्सा पैसा तुमचा. लोकांनी राखलं. जंगल उभं राहिलं, आणि लोकांनी राखलं तरच ते राखलं जातं हे तेव्हा सरकारला पटलं. १९८९ साली बंगाल सरकारने तसा ठराव काढला. १ जून १९९० ला दिल्लीने सगळ्या राज्यांना पत्र लिहिलं की तुम्हीही असं करा. आपल्या सरकारचा ठराव १६ मार्च १९९२ ला निघाला. त्याचं नाव ‘संयुक्त वन व्यवस्थापन’. संयुक्त म्हणजे दोघांचं मिळून.

आराबारीची गोष्ट खोटी नाही. पण साहेब ती सांगतात तेव्हा एक गोष्ट सांगत नाहीत. त्याच बंगालमध्ये १९७८ पासून सरकारने गावोगाव जाऊन बर्गादारांची, म्हणजे दुसऱ्याची जमीन बटाईने कसणाऱ्यांची नावं कागदावर चढवायची मोहीम चालवली. म्हणजे तिथे जमिनीचा सवाल कोणी बाजूला ठेवला नव्हता. आपल्याकडे जंगल राखायचं म्हणतात आणि जमिनीचं नाव काढलं की, “तो विषय वेगळा, तुम्ही तहसीलदारांकडे जा.”

तो विषय वेगळा नाही. दिल्लीच्या १ जूनच्या पत्रात काय लिहिलं आहे बघा. ही योजना विरळ झालेल्या जंगलात करायची. निवडलेली जागा दुसऱ्या कोणाच्या हक्कातून, दाव्यातून मोकळी पाहिजे. त्या जागेत शेती चालणार नाही. चराई अजिबात चालणार नाही. जमिनीची मालकी किंवा पट्टा कोणाला मिळणार नाही. आता विचार करा, आपल्या डोंगरात ‘विरळ जंगल’ म्हणून कागदावर कोणती जागा आहे? त्यांच्या नकाशात जे विरळ आहे तिथे आपली नागली आणि वरई उभी असते. खाली सातबाऱ्याची भातखाचरं ज्यांच्याकडे आहेत त्यांचं एक वेळ निभेल. वरच्या एकसाली प्लॉटवर ज्यांचं पोट आहे त्यांचं काय? समितीच्या ठरावात गावाने लिहून दिलं की ही जागा मोकळी आहे, तर उद्या प्लॉटच्या दाव्यात साहेब तोच कागद काढणार. आपल्याच अंगठ्याचा कागद.

हे भीती घालायला सांगत नाही, घडलं आहे. शेजारच्या एका तालुक्यात गेल्या पावसाळ्याआधी एका गावाने समिती केली. सह्या करणारे सगळे खालच्या पाड्यातले, सगळ्यांची भातशेती नावावर. खड्डे पडले ते वरच्या पाड्याच्या नागलीच्या प्लॉटात. वरच्या पाड्याला कळलं तेव्हा सागाची रोपं लागून गेली होती. त्यांनी रात्रीत रोपं उपटली. आता त्यांच्यावर केस आहे आणि तिच्यात साक्षीदार म्हणून गावातलीच, त्यांच्याच भावकीतली माणसं उभी आहेत. पूर्वी केस करायची तर गार्ड आणि आदिवासी अशी व्हायची. आता आदिवासी आणि आदिवासी अशी होते, आणि गार्ड मधे बसून पंच होतो. या योजनेतला सगळ्यात मोठा धोका हा आहे असं आम्हाला वाटतं.

आता दुसरा कागद. त्याच १९९० साली, तीन महिन्यांनी, १८ सप्टेंबरला दिल्लीच्या त्याच खात्याने आणखी पत्रं काढली. त्यांत लिहिलं आहे की २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीची जी अतिक्रमणं राज्य सरकारच्या आधीच्या निर्णयात बसतात ती नियमित करायची, आणि जंगलजमिनीवरचे जे दावे वादात आहेत ते तपासून निकाली काढायचे. महाराष्ट्र सरकारचा निर्णय तर त्याच्याही आधीचा, २७ डिसेंबर १९७८ चा. ३१ मार्च १९७८ पर्यंतचे प्लॉट त्यात येतात. म्हणजे दिल्लीतून एकाच साली दोन कागद निघाले, एक भागीदारीचा आणि एक हक्काचा. पहिला कागद जीपमध्ये बसून पाड्यावर आला, चहा घेऊन आला. दुसरा कागद ऑफिसच्या कपाटातून बाहेर यायला तयार नाही. आपण एवढंच म्हणतो की दोन्ही कागद बरोबर आणा. जुना आधी, नवा मागून.

आणि भागीदारी म्हणता तर ती कशी आहे तेही बघू. सचिव म्हणून वनपाल बसणार. वही त्याच्याकडे, मिटिंगची तारीख त्याच्याकडे. कोणती झाडं लावायची, कुठली जागा बंद करायची याचा दहा वर्षांचा आराखडा साहेब ‘लोकांशी सल्लामसलत करून’ बनवणार. सल्ला आपला, सही त्यांची. दिल्लीच्या पत्रात आणखी एक कलम आहे, ते पाड्यात दोनदा वाचून दाखवा. गावाने राखण नीट केली नाही, चराई झाली, अतिक्रमण झालं, तर गावाचा फायदा काढून घेता येईल, आणि तोपर्यंत केलेल्या कामाबद्दल कोणालाही नुकसानभरपाई मिळणार नाही. ठीक आहे, चुकलं तर शिक्षा. पण खात्याने राखण नीट केली नाही, वाटा वेळेवर दिला नाही, ठेकेदाराचा ट्रक नाक्यावरून सोडून दिला, तर खात्याला काय शिक्षा? त्याबद्दल एक ओळ नाही. शेतीत कोणी असा बटाईचा सौदा सांगितला तर आपण उठून जाऊ.

वाट्याचंही तसंच. “विक्रीतला हिस्सा मिळेल” असं सांगतात. कशातला हिस्सा, ते विचारा. झाड तोडायचा खर्च, ओढायचा खर्च, डेपोचा खर्च आधी काढून मग उरेल त्यातला का? तो खर्च कोण लिहिणार? जुन्या माणसांना जंगल कामगार सोसायट्या आठवत असतील. या जिल्ह्यात १९४७ पासून त्या चालल्या. ठेकेदार जावा आणि कूप आदिवासींच्या हाती यावं म्हणून त्या काढल्या, हेतू चांगला होता. सभासद आपण, चेअरमनही कधीकधी आपलाच. पण हिशोबाची वही किती सभासदांनी बघितली? मजुरी मिळाली ती घेतली आणि घरी आलो. तेव्हा आपण वही मागितली नाही, ही आपली चूक. यावेळी ती करायची नाही.

चुकीचा विषय निघाला आहे तर थोडं आपल्या घरातलंही बोलू. काहींना राग येईल, येऊ दे.

जंगल ठेकेदाराने तोडलं, कोळशासाठी आणि कागद गिरणीसाठी तोडलं, १९७४ ला वन विकास महामंडळ आलं आणि मिश्र जंगल साफ करून नुसता साग लावला. हे सगळं खरं. पण गेल्या पाच-सहा वर्षांत रात्रीचा खैर कोण भरतं? ट्रक शहरातल्या शेटचा, पण खांदा आपल्या पोरांचा. एका रात्रीचे पैसे मिळतात, आठवड्याने संपतात. खैर मात्र गेला. विचारलं तर पोरं म्हणतात, “आमी नाय तोडला तर दुसरा तोडील. जंगल सरकारचं हाय, आपल्याला काय?” शंभर वर्षं सरकारने आपल्याला हेच शिकवलं की जंगल तुमचं नाही, आणि आता आपली पोरं तेच बोलतात. संघटनेचंही चुकलं. आपण प्लॉटसाठी मोर्चे काढले, तुरुंगात गेलो, ते बरोबरच होतं. पण प्लॉटच्या वरचा डोंगर बोडका होत गेला त्याकडे लक्ष दिलं नाही. डोंगर बोडका झाला की प्लॉटातली माती वाहून जाते, हे आपल्याला कोणी पुस्तकातून सांगायला नको. ज्या नागलीसाठी भांडलो ती आज कमी पिकते. आणि १९७८ नंतरही काही ठिकाणी नवे प्लॉट पडले. भाऊ वाढले, पोट वाढलं, कळतं. तरी नवा प्लॉट पाडायचा नाही हा आपला ठराव आहे आणि तो पाळायचा आहे, नाहीतर जुन्या प्लॉटवाल्यांचा हक्कही आपणच बुडवू.

म्हणून म्हणतो, जंगल राखायचं. समिती झाली तरी आणि नाही झाली तरी. त्यासाठी वनपालाच्या फॉर्मची वाट बघायची गरज नाही.

आणि ते वाटतं तेवढं अवघड नाही. जंगल वाढवायचं म्हटलं की साहेबांना खड्डे दिसतात. १९९२ साली जागतिक बँकेच्या कर्जावर मोठा वनीकरण प्रकल्प सुरू झाला, पैसा आला, तो खर्च दाखवायचा होता. खड्ड्याचं माप पुस्तकात लिहिता येतं. न तोडलेल्या फुटव्याचं माप कुठे लिहिणार? पण आपल्या डोंगरात खड्ड्यांपेक्षा खुंट जास्त आहेत. ऐन घ्या, साग घ्या, धावडा घ्या, वर मेलेला दिसतो पण खाली मूळ जिवंत असतं. दर पावसाळ्यात फुटतं. दर वर्षी बकरी खाते, किंवा कोयता लागतो, किंवा मार्चमध्ये वणवा जातो, म्हणून ते झुडूपच राहतं. आराबारीत काय वेगळं झालं? सालाच्या खुंटांना फूट आली आणि लोकांनी ती राहू दिली. एका खुंटाला आठ-दहा धुमारे आले तर त्यातले एक-दोन सरळ ठेवायचे, बाकीचे काढून घरी न्यायचे. सरपण मिळतं आणि ठेवलेल्या धुमाऱ्याला जोर येतो. तीन-चार पावसाळे आग आणि बकरी आत जाऊ दिली नाही तर झाड माणसाच्या डोक्यावर जातं, मग बकरीचं तोंड पोचत नाही. होळीच्या आधी कडेने पाला ओढून चार-पाच हात रुंद पट्टा साफ केला तर वणवा आत शिरत नाही. याला ना कर्ज लागतं ना नर्सरी.

जिथे खुंटही उरले नाहीत तिथे लावावं लागेल. तिथे काय लावायचं हे बायांना विचारा. निलगिरी लावतात, तिच्या खाली गवतही धड येत नाही. साग लावतात, साग सरकारचा, पान फार तर घराच्या छपराला. आपल्याला मोह पाहिजे, हिरडा, ऐन, जांभूळ, टेंभुर्णी पाहिजे, काठाला बांबू पाहिजे. काकड पाहिजे. एका मिटिंगमध्ये एक म्हातारी बाय साहेबाला म्हणाली, “काकडाचं रोप दे, मग मी पाणी घालीन.” साहेबाला कळेना काकड कशाला. पहिल्या पावसात शेवळं उगवतात, ती काकडाच्या फळाशिवाय शिजवली तर घशाला खाजतात. आणि भात यायच्या आधीच्या त्या उपाशी दिवसांत शेवळं आणि रानभाज्या यांच्यावरच घर चालतं. साहेबाच्या यादीत काकड नव्हता.

राबाचंही आताच ठरवायला पाहिजे. जंगल बंद केलं तर कवळ कुठून आणायची? हा सवाल आजचा नाही. इंग्रज सरकारनेसुद्धा १८८५ साली ठाणे-कुलाब्याच्या लोकांच्या जंगलाबद्दलच्या तक्रारी ऐकायला कमिशन नेमलं होतं आणि त्यात राबाचं भांडण होतंच. तोड अशी ठरवता येईल की या वर्षी या डोंगराची, पुढच्या वर्षी त्या, आणि शेंडा कोणीच मारायचा नाही. जुने लोक असंच करत होते.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. बंद केलेल्या जंगलाचा बोजा कोणावर पडतो? मिटिंगमध्ये हात वर करतात बाप्ये. मोळी आणतात बाया. जवळचा डोंगर बंद झाला तर त्यांना दुसऱ्या गावाच्या शिवेत जावं लागतं, दोन कोस जास्त, आणि तिथे त्या गावचे राखणदार कोयता हिसकावून घेतात. म्हणजे आपल्या गावच्या राखणीचं भांडण बायांच्या डोक्यावर. दुसरा बोजा कातकऱ्यांवर. त्यांना ना खाचर ना प्लॉट. मोळी विकून आणि दोन बकऱ्या पाळून घर चालतं. कोकणा आणि वारली घरांनी बहुमताने ठरवलं की मोळी बंद, बकरी बंद, तर कातकऱ्याच्या घरी त्या रात्री चूल पेटणार नाही. असल्या ठरावाला आम्ही गावाचा ठराव म्हणणार नाही. सगळा डोंगर एकदम बंद करायचा नाही. तीन-चार तुकडे करा, एक तुकडा बंद, बाकीचे उघडे, तो उभा राहिला की दुसरा. राखणीची जी मजुरी येईल ती आधी कातकरी आणि भूमिहीन घरांना द्या. बहुमत कशाला, सगळे हो म्हणेपर्यंत बसा. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. तिथे जंगलाचा निर्णय सर्वांच्या संमतीनेच होतो, एकजण जरी नाही म्हणाला तरी पुन्हा बसतात. वेळ जातो. पण मागून कोणी रोप उपटत नाही.

तर मग वनपालाला काय सांगायचं? पहिली गोष्ट, फॉर्म ठेवून जा, आम्ही गावकी करून कळवतो. आठ जणांच्या सह्यांनी समिती होत नाही. प्रत्येक पाड्याची, प्रत्येक घराची एक बाई आणि एक बाप्या बसल्याशिवाय ठराव नाही. मग साहेबांना बरोबर घेऊन नकाशासकट शिव चालायची. जिथे प्लॉट आहे तिथे थांबायचं, कोणाचा, किती वर्षांचा, ते तिथल्या तिथे लिहायचं, आणि योजनेतून तेवढी जागा वगळली असं नकाशावर रेघ मारून सही घ्यायची. जो चालायला तयार नाही त्याला भागीदारी नको आहे, फक्त सही पाहिजे आहे. वाट्याचा हिशोब कसा होईल ते आधी लिहून पाहिजे, वहीची एक प्रत गावात पाहिजे आणि बँकेचं खातं गावाच्या दोन माणसांच्या सहीने पाहिजे, त्यातली एक बाई.

आणि आपली खरी मागणी याच्या पुढची आहे, ती विसरू नका. १९२७ च्या वनकायद्यात कलम २८ आहे. त्या कलमाखाली सरकार राखीव जंगलावरचे आपले हक्क गावाला देऊ शकतं, त्याला ग्रामवन म्हणतात. इंग्रजांनी लिहिलेलं कलम आहे, वर्षानुवर्षं पुस्तकात पडून राहिलं. १९८८ च्या वननीतीतही लिहिलं आहे की जंगलाच्या मालावर पहिला हक्क आदिवासींच्या आणि गरिबांच्या गरजांचा. जर खरंच जंगल आमचं मानता, तर समिती कशाला? कलम २८ लावा. साहेबांना हे विचाराल तेव्हा ते म्हणतील, “ते वरचं काम आहे.” मग वर कळवा म्हणावं, अर्जाची पोच द्या.

ज्या पाड्यांत प्लॉटच्या याद्या अजून झाल्या नाहीत त्यांनी पाऊस पडायच्या आत करून टाकाव्यात. एकसालीच्या पावत्या, दंडाच्या पावत्या, केसची समन्सं, जे काय पत्र्याच्या पेटीत असेल ते एका जागी आणा. पावती नसेल तर आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून त्यांचा अंगठा घ्या. बांध, आंब्याचं जुनं झाड, जुनी झोपडी पडल्याची जागा, हेही लिहा. मूळ पावती कोणालाच देऊ नका, गार्डाला नाही आणि संघटनेच्या कार्यकर्त्यालाही नाही. नक्कल द्या.

ज्या पाड्यांनी आधीच सह्या देऊन टाकल्या त्यांनी घाबरून जाऊ नये. ठरावाची आणि नकाशाची नक्कल लेखी अर्जाने मागा. नक्कल मिळाली की पुन्हा गावकी बसवा आणि ‘आमच्या गावाचे अमुक अमुक प्लॉट या योजनेत धरलेले नाहीत’ असा दुसरा ठराव करून तो वनपाल, तहसीलदार आणि प्रांत तिघांनाही द्या. तीन प्रती करा, पोच घ्या, एक प्रत संघटनेच्या ऑफिसात आणून ठेवा. कोणाच्या प्लॉटात खड्डे पडायला लागले असतील तर रोपं उपटू नका, मजुरांशी भांडू नका, ते आपलेच लोक आहेत. त्याच दिवशी निरोप धाडा, आपण सगळे मिळून येऊ.